झाकण उघडण्याआधी

"आधी चहा," म्हणायचे आणि निघायचे.

यंत्र बंद पडलंय, खोलीत चार शास्त्रज्ञ हताश उभे आहेत, कुणाचे तरी नमुने बर्फाच्या डब्यात पाणी पाणी होत चाललेत, आणि हा माणूस येतो. चष्मा कपाळावर सरकवतो, यंत्राकडे एकदा बघतो, वाकून भिंतीतला प्लग काढतो आणि "आधी चहा" म्हणून फाटकाबाहेरच्या टपरीकडे चालू लागतो. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. तुम्हीही त्याला मनातल्या मनात कामचोर म्हटलं असेल. मीही म्हटलं होतं.

लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी ग्रंथपाल आहे, अजून दोन वर्षं असेन. ते तिथल्या दुरुस्ती विभागात होते. सगळे त्यांना मिस्त्रीजी म्हणायचे, मी भाऊ म्हणायचे, कारण ते भंडाऱ्याकडचे आणि तिकडे तसंच म्हणतात. मी सांगलीची. लखनौत पंचवीस वर्षं काढली की सांगली आणि भंडारा एकाच गल्लीत आल्यासारखे वाटतात. दोघांची घरं तेलीबागला, त्यामुळे संध्याकाळी बऱ्याचदा एकच ई-रिक्षा मिळायची. मी थकून गप्प बसायची आणि ते रिक्षावाल्याला त्याच्या बॅटरीबद्दल सांगत बसायचे. पाणी कधी घालायचं, चार्जिंग कुठवर करायचं. रिक्षावाला "अच्छा, अच्छा" म्हणायचा. एकानं तर उतरताना भाडं घ्यायला नकार दिला. भाऊंनी त्याच्या सीटवर नोट ठेवली आणि मला म्हणाले, "शिकवण्याचे पैसे नाही घ्यायचे, ताई."

त्यांना माहीत असलेली कुठलीही गोष्ट स्वतःपाशी ठेवता येत नसे. हे असं का, ते मला फार उशिरा कळलं.

ते नोकरीला लागले तेव्हा विभागात एक उस्ताद होते. हात सोन्याचा, पण दुसऱ्याला शिकवायचं म्हटलं की जिवावर यायचं. खरं काम आलं की उस्ताद पाठ फिरवून बसायचे, कुठला पेच किती फिरवला ते पोरांना दिसू नये म्हणून. भाऊंनी तीन वर्षं त्या पाठीकडे बघत काढली. एकदा रिक्षात ते फार शांतपणे म्हणाले, "आमच्या बापाले शाळेच्या दाराबाहेर बसून शिकावं लागलं, ताई. मी उस्तादच्या पाठीमागं उभा राहून शिकलो. आता माझ्या मागं कोणी उभं राहू नये." मी बाहेर बघत बसले.

म्हणून ते लिहीत. नव्या वर्षाच्या सरकारी डायऱ्या इतरांच्या घरी दूधवाल्याच्या हिशेबाला जातात, ह्यांच्या डायरीत यंत्रं असायची. कुठलं यंत्र, काय बिघडलं, काय केलं, शेजारी पेन्सिलीचं चित्र. मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात, पण अक्षर सुबक. कुणी मागितली की डायरी द्यायचे आणि ती परत आली नाही तर नवी लिहायला घ्यायचे.

आता इथून पुढचं नीट ऐका. त्या डायऱ्या इंटरनेटवर टाकायची कल्पना माझी. त्यांची नाही, माझीच. ग्रंथपालाला काही बघितलं की त्याची सूची करावीशी वाटते, आणि ह्या सतरा डायऱ्या उंदरांच्या तोंडी जाणार हे मला बघवत नव्हतं. माझ्या मुलीला विचारलं. ती मराठी समजते, बोलते हिंदीत. "मम्मी, दस मिनट का काम है," म्हणाली आणि खरंच दहा मिनिटांत तिनं एक पान बनवून दिलं. भाऊंनी विचारलं, "म्हणजे कोणालेही दिसन?" मी म्हटलं, कुणालाही, कुठेही, फुकट. त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला उगाच स्वतःचा अभिमान वाटला.

एक अख्खा उन्हाळा आम्ही जेवणाच्या सुट्टीत हे काम केलं. कूलर घरघरतोय, ते डायरी समोर धरून मराठीत सांगतायत, मी हिंदीत टाइप करतेय. सांगताना ते वाचत कमी आणि आठवत जास्त. पहिल्याच दिवशी, सेंट्रिफ्यूज ह्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राची नोंद चालली होती. ते म्हणाले, "प्लग काढायचा. चहा प्यायचा. मग मागचे चार स्क्रू." मी हसले. तेही हसले. मी टाइप केलं, प्लग निकालें, पीछे के चार पेंच खोलें. चहा वगळला. दुसऱ्या यंत्राला पुन्हा "चहा" आला, तेव्हा मी म्हटलं, भाऊ, तुमचा चहा प्रत्येक पानावर नको, लोक हसतील. "बरं," म्हणाले ते, आणि मग त्यांनी म्हणायचंच सोडलं. त्यांना वाटलं असणार, हिला माहीत आहे, हिनं एकदा वर लिहिलं असेल.

पानाला सुरुवातीला कुणी विचारलं नाही. मग एक दिवस डोंगराकडच्या कुठल्याशा कॉलेजच्या शिक्षिकेचं पत्र आलं. त्यांचं यंत्र सहा वर्षं चादर पांघरून पडलं होतं, कंपनीचा माणूस तिथवर यायला तयार नव्हता. भाऊंची नोंद वाचून त्यांनी ते चालू केलं आणि त्या वर्षीच्या मुलींनी पहिल्यांदाच परीक्षेचा प्रयोग डोळ्यांनी बघितला. मी ते पत्र छापून दिलं. भाऊंनी चार घड्या करून ते शर्टाच्या खिशात ठेवलं. नंतर कितीतरी दिवस त्या खिशातून पेनाबरोबर ते अर्धवट बाहेर यायचं, ते पुन्हा आत सारायचे.

मग फोनचा पूर आला. पानावर त्यांनी स्वतःचा फोन नंबर द्यायला लावला होता. मी नको म्हणत होते. लोक सेंट्रिफ्यूजबद्दल विचारत, तसेच मिक्सरबद्दल विचारत, इन्व्हर्टरबद्दल विचारत, एकानं तर वरातीच्या बँडचा कर्णा का खरखरतो म्हणून विचारलं. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. वहिनी वैतागून म्हणायच्या, "यांची ओपीडी चालू आहे." पण मला नीट आठवतं, बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे खीर खायला गेले होते तेव्हा फोन वाजला, तर वहिनींनीच वाटी खाली ठेवून ह्यांचा चष्मा शोधून दिला. बाकी काही असो, त्या दोन वर्षांत तो माणूस दहा वर्षांनी तरुण झाला होता. मला ह्याचं श्रेय हवं होतं आणि मी ते घेत होते. मी भेटेल त्याला सांगायची, कल्पना माझी.

मग ती चार ओळींची प्रतिक्रिया आली. पानाखाली, सगळ्यांना दिसेल अशी. एका बाईनं लिहिली होती, पूर्वेकडच्या कुठल्याशा गावातून. "आपका लिखा पढ़कर मेरे पति ने कॉलेज की मशीन खोली थी। करंट लगा। अब दाहिना हाथ नहीं उठता। आपने क्यों नहीं लिखा कि प्लग निकालने के बाद भी करंट अंदर रहता है?"

मी भाऊंना बोलावलं. ते आले, उभ्यानं वाचलं, मग बसले. त्यांनी मला सेंट्रिफ्यूजची नोंद उघडायला सांगितली. ओळीवर बोट ठेवत तीनदा वाचली. आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, चहा कुठे आहे यात?"

क्षणभर मला वाटलं त्यांना चहा हवाय. मी उठायलाही लागले. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी पुन्हा खाली बसले. अशा जुन्या यंत्रांच्या पोटात कपॅसिटर असतो, वीज साठवून धरणारा डबा. प्लग काढला तरी तो लगेच रिकामा होत नाही. पंधरा मिनिटं थांबायचं, मग मीटर लावून बघायचं, मगच हात घालायचा. उस्तादनं सगळं लपवलं, पण पोरं मरू नयेत एवढं बघितलं. प्लग काढला की उस्ताद सगळ्यांना टपरीवर पिटाळायचे, कारण पोरांना थांबा म्हटलं तर थांबत नाहीत, पण चहा प्या म्हटलं तर जातात. तीस वर्षं भाऊ तेच करत आले. त्यांच्यासाठी तो चहा नव्हताच. आणि मीटर ते खिशात ठेवत, तेही कधी लिहिलं नव्हतं.

"मी सांगितलं नव्हतं का तुम्हाले?" त्यांनी विचारलं. आरोप नव्हता त्यात, ते खरंच आठवत होते.

मी म्हटलं, "आठवत नाही, भाऊ."

मला लख्ख आठवत होतं. कूलरची घरघर, त्यांचं हसणं, माझं हसणं, सगळं. पण तोंडातून तेच निघालं. ते म्हणाले, "डायरीत नाही लिहिलेलं. म्हणजे माझ्याकडूनच राहिलं असन."

त्याच आठवड्यात ते चारबाग स्टेशनवरून पॅसेंजर धरून त्या गावी गेले. मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, पुस्तकांची वार्षिक मोजणी आहे. होती, पण एक दिवस कुणी ती पुढे ढकलली असती तर आकाश कोसळलं नसतं. ते परत आले तेव्हा रिक्षात सगळं सांगितलं. तो माणूस त्यांच्याच वयाचा, प्रयोगशाळेत मदतनीस. खाटेवर बसून होता, हात मांडीवर ठेवलेला. हात ठेवलेला म्हणजे दुसऱ्या हातानं उचलून ठेवलेला. राग काहीच नव्हता त्याला, उलट विचारत होता, साहेब, ती मशीन तशीच उघडी पडली आहे, पुढं काय करायचं? त्याच्या बायकोनं पाणी दिलं. भाऊंनी हात जोडले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आपने लिखा था, तो हमने मान लिया।"

"मारलं असतं तर बरं झालं असतं, ताई," भाऊ म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. रिक्षात आम्ही दोघंच होतो, रायबरेली रोडवर नेहमीसारखी गाड्यांची रांग अडकली होती, वेळच वेळ होता. मी भाड्याचे सुटे पैसे मोजत बसले.

पंधरा मिनिटांची ओळ आम्ही प्रत्येक नोंदीत घालू लागलो. लाल अक्षरात, सगळ्यात वर. निम्म्या नोंदी झाल्या असतील, तोवर त्या मदतनिसाच्या कॉलेजकडून आमच्या संस्थेला पत्र आलं आणि भाऊंना मेमो मिळाला. परवानगी न घेता कार्यालयीन माहिती जाहीर का केली, आणि ह्या कामात आणखी कोण सामील होतं. निवृत्तीला सहा महिने राहिलेला माणूस. माझ्या बढतीची फाईल तेव्हा वरती गेलेली. मेमोचं उत्तर त्यांनी ग्रंथालयातच बसून लिहिलं, माझ्याच पेनानं. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला. "सदर काम मी एकट्याने केले आहे." मी म्हटलं, भाऊ, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "तुम्ही फक्त टाइप केलं ना. चूक माझी आहे." मी आणखी एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा म्हणतात तसं, आवाज जरा कमी करून. मग कागद गेला.

पान बंद करायचा आदेश आला. मुलीनं एका मिनिटात बंद केलं. वर्षभर लोक विचारत राहिले, पान कुठे गेलं म्हणून. डोंगरावरच्या त्या शिक्षिकेनं तर लिहिलं की दुसरं यंत्र अर्धं उघडून बसलो आहोत, आता कुणाला विचारू. भाऊंनी तिला फोनवर तासभर समजावलं, सुरुवात पंधरा मिनिटांपासून. त्यांच्या निरोप समारंभाला डायरेक्टर आले नाहीत. हार घातला, समोसे झाले, कुणीतरी चार शब्द बोललं. मी बोलले नाही.

निवृत्त झालेला माणूस सुटतो म्हणतात. हे सुटले नाहीत, कारण पान बंद झालं तरी पानावरचं सगळं आधीच बाहेर गेलेलं होतं. कुणी ते तसंच्या तसं आपल्या नावानं छापलं होतं, कुणी त्याचं पुस्तक करून फिरवलं होतं, कुणी मागे बाजा लावून त्याचे व्हिडिओ केले होते. सगळ्या जुन्या नकला, लाल ओळ नसलेल्या. ज्याला त्याला वाटायचं, चोरी झाली म्हणून भाऊ चिडले असतील. त्यांना चोरीचं काहीच नव्हतं. ते म्हणायचे, "न्या ना बावा, सगळं न्या, पण पुरं न्या."

तर सकाळी आंघोळ झाली की ते खिडकीपाशी फोन घेऊन बसायचे आणि नकला शोधायचे. सापडली की तिच्याखाली एका बोटानं लिहायचे, "प्लग निकालने के बाद पंद्रह मिनट रुकें, मीटर लगाकर देखें, तब हाथ डालें।" प्रत्येक नकलेखाली तेच. काही जण खोडायचे, काही हसायचे, बहुतेक कुणी बघायचंही नाही. मी रविवारी जायची. "आज तीन सापडले," म्हणायचे. दुसऱ्या रविवारी, "आज पाच." मला वाटायचं आता पुरे करा, भाऊ, किती जणांच्या मागे धावणार. असं म्हटलंही मी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "आणि सहाव्यानं झाकण उघडलं तर?"

चार वेळा तरी मी सांगायचं ठरवून गेले होते. एकदा ओठांपर्यंत शब्द आले होते. प्रत्येक वेळी वहिनी पोहे घेऊन आल्या, किंवा फोन वाजला, किंवा मला तसं वाटलं. हे असं टाळत गेलेलं ओझं कसं असतं ते ज्याचं त्यालाच माहीत.

गेल्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. मी दवाखान्यात गेले होते. मास्क लावलेला होता, बोलता येत नव्हतं, मी हात धरून बसले. तेव्हाही नाही सांगितलं. आजारी माणसाला कशाला त्रास, अशी स्वतःची समजूत घातली.

महिन्याभरानं वहिनींनी त्यांचा फोन माझ्याकडे आणून दिला. "याच्यात काही कामाचं असेल तर बघा, ताई. मला तर उघडताही येत नाही." मी उघडला. एक व्हिडिओ अर्ध्यावर थांबलेला होता. कुठल्याशा वर्कशॉपमधला उत्साही माणूस सेंट्रिफ्यूज समोर ठेवून आमचीच नोंद वाचत होता, माझंच हिंदी, माझी शब्दयोजना. त्याच्या खाली भाऊंची नेहमीची ओळ. आणि त्याखाली त्या माणसाचं उत्तर, "चचा, पहले रिपेयरिंग सीख लीजिए, फिर ज्ञान दीजिए।" त्यावर भाऊंनी लिहिलं होतं, "जी, सीख रहे हैं। आप बस पंद्रह मिनट रुक जाइए।" तारीख दवाखान्यात जायच्या आदल्या दिवसाची. मी स्वयंपाकघरात उभी होते, तशीच खाली फरशीवर बसले आणि पोटभर रडले. मुलगी "मम्मी, क्या हुआ" म्हणत आली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या फोनवरून तोच व्हिडिओ उघडला आणि खाली लिहिलं. हे जे तुम्ही वाचताय ते ह्या काकांनी लिहिलेलं आहे, तीस वर्षांचं काम आहे. थांबायची ओळ त्यांनी सांगितली होती. मला ती गंमत वाटली म्हणून मी टाइप केली नाही. त्यामुळे एका माणसाचा हात गेला आणि दोष ह्यांनी घेतला. चूक माझी आहे. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि संस्थेचं नाव टाकलं. जे व्हायचं असेल ते होवो, अजून दोन वर्षंच आहेत. तेच सगळं एका कागदावर लिहून त्या बाईंनाही पाठवलं. तिकडून अजून उत्तर नाही, यायलाच हवं असंही नाही.

व्हिडिओवाल्याचं उत्तर मात्र चौथ्या दिवशी आलं. त्यानं जुना व्हिडिओ काढून टाकला होता आणि नवा केला होता. नव्यात तो प्लग काढतो, घड्याळ कॅमेऱ्याला दाखवतो आणि स्टूल ओढून नुसता बसून राहतो. खाली मला लिहिलं होतं, "मैडम, अंकल को बोल दीजिएगा, ठीक कर दिया है।"

मी लिहिलं, "बोल दूँगी।"